खो मिळाला, तरी ती उठली नाही

संपादकांनी फोनवर ‘मैदानावरच्या गमतीजमती’ मागितल्या होत्या. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला बरं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. गमती माझ्याकडे पोतंभर आहेत. पण लिहायला बसलं की एकच दुपार आधी डोळ्यांपुढे येते. तेव्हा गमती थोडक्यात उरकते.

मी कॉलेजात क्रीडा अधिकारी होते. कॉलेज मध्य प्रदेशाच्या मराठी पट्ट्यातलं, सौंसरचं की पांढुर्ण्याचं ते सांगत नाही, कारण दोन्ही गावांत मला अजून भाजी घ्यायला जावं लागतं. सगळे मला ‘खेल मॅडम’ म्हणत. बाहेरच्या माणसाला वाटतं, या बाईचं काम शिट्टी फुंकण्याचं. शिट्टी दिवसातून थोडा वेळ. बाकी वेळ मी चुन्याने मैदान आखत असे, पोरांचे बूट बदलून आणत असे आणि लोकांच्या विनवण्या करत असे. आमच्याकडे कॉलेजचा संघ आधी जिल्ह्याला खेळतो, तिथे जिंकला की संभागाला, म्हणजे विभागाला, मग राज्याला, आणि त्यातून वेचलेली पोरं विद्यापीठाच्या संघात जातात. हे सगळं नेमकं टेस्ट आणि प्रॅक्टिकलच्या दिवसांत येतं. मग प्रत्येक विभागात जाऊन म्हणायचं, सर, ही पोरगी स्पर्धेला चालली, हिची टेस्ट मागून घ्या. आणि घरी जाऊन आईबापांना सांगायचं, अभ्यास बुडणार नाही, मी आहे. नोकरीभर मी या दोन वाक्यांवर संघ नेले.

रवी नावाचा आमचा एक कबड्डीपटू होता, बी.एस्सी.चा. चढाईला गेलेल्याला एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहावं लागतं. या पठ्ठ्याने दमाचा सराव आणि अभ्यास एकत्रच करून टाकला. बसमध्ये बसून एका दमात मूलद्रव्यांची नावं म्हणायचा. एकदा ऐन सामन्यात चढाईला गेला आणि सवयीने ‘सोडियम, मॅग्नेशियम’ सुरू केलं. पंचाने त्याला बाहेर काढलं. आम्ही तो सामना हरलो, पण रवी केमिस्ट्रीत चांगला पास झाला, आणि आज गावात त्याची अकरावी-बारावीची ट्यूशन जोरात चालते. दुसरा दिगंबर. कापसाचं गाठोडं उचलावं तसं वजन उचलणारा पोरगा, पण तोंडी परीक्षेच्या दाराशी चक्कर येऊन पडला. आम्ही हसलो, तोंडावर पाणी मारलं आणि त्याला आत पाठवलं. तेव्हा सगळ्यांना ती गंमतच वाटली होती.

आता सुजाताचं सांगते.

सुजाता मोहगावकडची. वडील तिथल्या नळयोजनेवर कामाला, कोणत्या गल्लीला केव्हा पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात. आई हंगामात संत्री निवडायला बागेत जायची. घरात पैसा बेताचा, पण पुस्तकांचा मान मोठा. पहाटेच्या सरावाला मोहगावची बस पोचत नाही म्हणून ती मैत्रिणींसोबत गावात खोली करून राहत होती. केमिस्ट्रीची मास्तरीण व्हायचं, हे तिने मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. खेळाला मी तिला ओढली असं नाही, तीच आली, आणि तिच्याइतकी चपळ मुलगी मी परत पाहिली नाही. राज्याला पदक आणलं तेव्हा चौकात तिचा मोठा फ्लेक्स लागला. हसरा चेहरा, गळ्यात पदक, खाली गावातल्या पुढाऱ्यांची ओळीने तोंडं.

ती शेवटच्या वर्षाला असताना संभागाचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता. हिवाळ्याचे दिवस. एका बागायतदाराने खेळाडूंसाठी क्रेट भरून संत्री पाठवली होती आणि आम्ही कडेला बसून मीठ लावून खात होतो. ज्यांना खो-खो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एका संघाच्या आठ मुली दोन खांबांमधल्या रेषेवर उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी पळणाऱ्यांच्या मागे असते. ती बसलेल्या मुलीच्या पाठीवर हात मारून ‘खो’ म्हणते, की त्या मुलीने उसळून उठायचं आणि पाठलाग पुढे न्यायचा. यात विचार करायला वेळच नसतो. पाठीवर हात पडला की शरीर आपोआप उठतं.

शेवटची मिनिटं. समोरच्या संघाची एकच मुलगी मैदानात उरली होती आणि ती बरोबर सुजाताच्या तोंडासमोर आली होती. हात लांब केला की गडी बाद आणि सामना आमचा. मागून तिच्या पाठीवर हात पडला. “खो.”

सुजाता उठली नाही.

“खो, सुजाता. खो.” मैत्रिणीने पुन्हा हात मारला. सुजाता तशीच बसून. डोळे उघडे, नजर समोर, बोटं मातीत टेकलेली. समोरची पळणारी मुलगीसुद्धा क्षणभर थांबून तिच्याकडे पाहू लागली. मग पंचाची शिट्टी झाली. माझ्या हातातली संत्र्याची फोड हातातच राहिली. उभ्या आयुष्यात मी पोरींना घसरताना पाहिलं, रडताना पाहिलं, एकमेकींच्या झिंज्या धरतानाही पाहिलं. खो मिळून न उठणारी मुलगी मी पाहिली नव्हती.

सामना गेला. मी विचारलं तर म्हणाली, “मले वाटलं, दुसरीले देला.” पाय मुरगळला म्हणावा तर डॉक्टरला काही सापडेना. मैत्रिणी बोलेनाशा झाल्या. आईने मोहगावहून येऊन दृष्ट काढली, एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर फोटो लावला की नजर लागणारच, असं तिचं मत. मी रक्त तपासायला लावलं, तेही ठीक निघालं. संघ हरला तरी चांगल्या खेळाडूंना विद्यापीठाच्या निवडीला बोलावतात, ती निवड तोंडावर आली होती आणि माझी हुकमी मुलगी सरावाला येऊन नुसती कडेला बसायची.

अशात त्या कबड्डीवाल्या रवीचा फोन आला. तो तेव्हा गावात अकरावी-बारावीच्या पोरांची ट्यूशन घ्यायला लागला होता.

“मॅडम, रागावसान नाई त एक सांगू? तुमची सुजाता माह्या ट्यूशनले येऊन राह्यली.”

“तुझ्याकडे? शिकवायला?”

“नाई जी. शिकाले. अकरावीच्या पोट्ट्यायमंदी, मांगच्या बेंचवर. तोंडाले दुपट्टा बांधून बसते. मी वळखलं नसतं, पन बूट पाह्यले त खेळाडूचे.”

मला वाटलं, हा थट्टा करतोय. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी, पहिल्या श्रेणीत येणारी, अकरावीत कशाला बसेल? दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. ट्यूशन सुटली. चिल्लीपिल्ली पोरं सायकली काढत होती आणि त्यांच्यातून ती बाहेर आली, नुसते डोळे उघडे ठेवून सगळा चेहरा बांधलेली. आमच्या उन्हात मुली तसा बांधतातच, पण हिवाळ्यात, संध्याकाळी कोणी बांधत नाही. चौकात स्वतःच्या हसऱ्या फ्लेक्सखालून ती मान खाली घालून गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिला खेळाच्या खोलीत बसवलं, दार ओढलं आणि सरळ विचारलं. बराच वेळ ती गादीचा दोरा उसवत बसली. मग बोलायला लागली आणि मी ऐकतच राहिले.

आमच्या कॉलेजात एक रीत होती. कागदावर कुठेच नव्हती, पण सगळे पाळत. खेळाडूचं ओझं आपण उचलायचं. टेस्ट राहिली तर गुण देऊन टाकायचे, प्रॅक्टिकल बुडलं तर वही दुसरीची पाहून सही करायची. आणि हे कोणी हलगर्जीपणाने करत नव्हतं, जीव लावून करत होते. केमिस्ट्रीचे कळंबे सर तर सुजाताला लेकीसारखं मानत. ती वर्गात आली की म्हणायचे, “तू बस बेटा, थकली असशील.” प्रश्न विचारत विचारत बेंचावरून पुढे सरकायचे, तिच्यापाशी आले की हसून तिला सोडून पुढच्या मुलीकडे. पदक आणलं त्या वर्षी प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले. कळंबे सरांनी कौतुकाने सांगितलं, ही आमची खेळाडू. परीक्षकांनी विचारलं, “अच्छा! खो-खो में कितने खिलाड़ी बैठते हैं, बेटा?” ती म्हणाली, “आठ, सर.” झाली तोंडी परीक्षा. केमिस्ट्रीत वर्गात सगळ्यात जास्त गुण तिला. स्टाफरूममध्ये हा किस्सा पुष्कळ दिवस चालला आणि पेढे खाऊन सगळे हसले.

“मॅडम, फस्ट इयरले एकडाव मले प्रश्न इचारला होता,” सुजाता म्हणाली. “त्याच्यानंतर कोनी इचारलाच नाई. मैत्रिनी म्हनते, तुले का टेंशन हाय. पेपरात मी पाठ करून लिवते, पन मले समजत काईच नाई, म्हून अकरावीच्या पोट्ट्यायमंदी मुळापासून शिकाले बसते. ब्युरेटची काचनळी हातात घेतली त तिचा नळ कोन्या बाजूनं फिरवाचा तेही नाई समजत. पेपराच्या दिवशी उलट्या होते. झोप नाई येत, किती दिवस झाले मी झोपलीच नाई. बाबा बसमंदी सगळ्यायले सांगते, माही पोरगी दोन्हीकडं फस्ट हाय. मी मोहगावच्या बसमंदी बसली का वाटते, हे बस कुठंच पोचू नये.”

हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर हिला एकटं सोडायचं नाही, हे मी मनाशी ठरवलं. मी तिचा हात धरला. मग सामन्याचं विचारलं. त्या दिवशी उठली का नाहीस?

“मले खो समजला होता, मॅडम,” ती हळूच म्हणाली. “पन मले वाटलं, उठली त जिंकू. अन् मी जिंकली का लोकं मले शिकवनं बंद करते.”

मी तिला एकटीला खोलीवर जाऊ दिलं नाही. ती माझ्याच घरी राहिली, आणि लगेच वडिलांना बोलावून आम्ही तिला नागपूरला मनाच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. वडील बसमध्ये माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मॅडम, माही पोरगी येडी झाली का जी?” मी वैतागून म्हटलं, “भाऊ, वेड्या माणसांची मला रोजची सवय आहे, मी स्टाफरूममध्ये बसते. ही वेडी नाही. ही थकली आहे, आणि तुम्ही आम्ही सगळे टाळ्या वाजवतोय म्हणून तिला ते सांगता येत नाही.” डॉक्टर बाईंनी औषध दिलं, बोलायला येत राहा म्हणाल्या आणि विचारलं, तुला काय हवंय? सुजाता म्हणाली, “खरी परीक्षा.”

परत आल्यावर मी खो-खोच्या सगळ्या मुलींना मैदानात ओळीत बसवलं आणि विचारलं, या वर्षी वर्गात जिला कोणी प्रश्न विचारला असेल तिने हात वर करा. मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. मग हसणं थांबलं. एकही हात वर गेला नाही. चांगल्या खेळणाऱ्या, चांगल्या घरच्या, बोलक्या पोरी, आणि तिन्ही वर्षांच्या वर्गांत एकीलाही कोणी काही विचारलेलं नव्हतं. सगळ्यात लहान होती ती म्हणाली, “मॅडम, मले त वाटे आपल्याले इचारतच नाई.” मी शिट्टी न वाजवता घरी निघून गेले.

कळंबे सरांकडे गेले तेव्हा ते बिचारे दुखावले.

“मॅडम, आम्ही का तिचे दुश्मन आहो का? अर्ध्या रस्त्यात पोरगी खेळ सोडंन, म्हून सांभाळून घेतलं.”

“सर, या वेळी सांभाळू नका. बाहेरच्या परीक्षकांना खेळाडू म्हणून सांगू नका. जे सगळ्यांना विचारता ते तिला विचारा.”

“नापास होईन ना ते. मग तुम्हीच येसान गुण मागाले.”

“येणार नाही.”

“हे पोरगी सोता म्हणते?”

“हो, सर. तीच म्हणते.”

मी त्यांच्या ताटातली भाकर उचलून घेतल्यासारखे सर माझ्याकडे पाहत राहिले. तोवर विद्यापीठाच्या संघाची निवड आली. सुजाताने निवडीला जायचं नाही असं ठरवलं, परीक्षा झाली की खेळेन म्हणाली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. अशी मुलगी क्रीडा अधिकाऱ्याला एखादीच मिळते, आणि ती जाईल त्या संघात आमच्या कॉलेजचं नाव जाणार होतं. संघ तिच्याविना गेला.

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी प्रयोगशाळेबाहेर व्हरांड्यात उभी होते. मुली आत जात होत्या, बाहेर येत होत्या. सुजाता आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. शेवटी ती आली, चेहरा उतरलेला, पण माझ्याकडे पाहून मान हलवून पाणी प्यायला गेली. तिच्यामागून कळंबे सर बाहेर आले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

“मॅडम,” ते म्हणाले, “तिले काहीच येत नाही हो.”

“तेच तर ती सांगत होती.”

“नाही, पण मले वाटे, येत असंन. साधं टायट्रेशन विचारलं, थेंब मोजून आम्ल सोडाचं. उभी राहिली अन् म्हणे, मले हे येत नाही सर, मले शिकवा.” ते भिंतीला टेकले. “तीन वर्षं झाले मॅडम, तिनं मले शिकवा म्हटलं नाही. अन् मी...” त्या आठवड्यापासून सर कॉलेज सुटल्यावर तिला प्रयोगशाळेत बसवायला लागले, आणि तिच्यासोबत खेळणाऱ्या आणखी मुलीही बसायला लागल्या. मैदानावर सराव उशिरा सुरू होऊ लागला आणि मी कुरकुर केली नाही.

निकाल कडक उन्हाळ्यात लागला. सुजाता केमिस्ट्रीत नापास. बाकी विषय निघाले, तेही काठावर. ज्या मुलीचा फ्लेक्स लागला होता ती नापास झाली, ही बातमी गावात फिरायला वेळ लागला नाही. कॉलेजात काही जण मला येऊन म्हणाले, मॅडम, काय मिळवलं तुम्ही? मला भीती वडिलांची होती. बसभर लोकांना पोरीचं पहिलं येणं सांगणारा माणूस, आता तो माझ्या दारात येऊन काय म्हणेल?

ते आले, दुपारीच, सुजाताला घेऊन. मी कूलर लावला, पाणी दिलं. सुजाता आतल्या पलंगावर टेकली. वडील खुर्चीत बसून बराच वेळ गमछ्याने तोंड पुसत राहिले. मी निकालाचं काढणार तेवढ्यात त्यांनीच सुरुवात केली.

“बसमंदी कंडक्टरनं इचारलं जी. पोरीचं का झालं म्हणे. मी म्हणलं, नापास झाली. सगळी बस पाहे आमच्याकडं.”

“भाऊ, मी...”

“पन तिनं पाह्यलंच नाई. झोपली होती. मोहगावपासून इथपर्यंत, माह्या खांद्यावर डोकं टेकून.” त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. पलंगावर सुजाता एका कुशीवर वळली होती, पायातली चप्पल तशीच. तोंड किंचित उघडं, श्वास संथ चालला होता.

वडील पुढे झुकले.

“दोन साल माह्या घरी फस्ट आली, अन् पोरगी रातभर जागी राहे. आता नापास झाली, अन् पाहा, कशी झोपून राह्यली. मी बाप होतो जी घरात. मले कसं दिसलं नाई?”

ते हमसून रडायला लागले. मी त्यांना खूण केली, हळू, ती उठेल. त्यांनी गमछा तोंडात धरला, आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.